ब्राउझरची कडी : जावास्क्रिप्ट चालू करण्याचा तीस वर्षांचा इतिहास

खानदेशांतील जुन्या वाड्यांत पाहुण्याची रीत ठरलेली असे. दारावरची कडी वाजली कीं घरांतलें कोणी उठे, आलेला कोण आहे तें पाही, मग आंतली कडी काढी आणि त्याला ओसरीवर बसवी. ओसरीपर्यंत ओळखीच्या-अनोळखीच्या कोणीही यावें. माजघरांत मात्र आप्तांवांचून कोणाचें पाऊल पडत नसे. कडी घरच्या माणसाच्या हातीं असे, आणि ती काढावी कीं न काढावी हें तोच ठरवी. ही रीत आज आम्हांस आठवण्याचें कारण वाड्यांची हौस हें नव्हे. जळगांव व धुळें जिल्ह्यांतील शेतकऱ्यास सातबाऱ्याचा उतारा पाहावयाचा असो, विद्यार्थ्यास परीक्षेचा अर्ज भरावयाचा असो, किंवा एखाद्या गृहस्थास विजेचें बिल चुकतें करावयाचें असो, त्याला आज संगणकाच्या अथवा मोबाइलच्या पडद्यापुढें बसावें लागतें. आणि तेथें कधीं कधीं हवें तें पान न दिसतां एकच इंग्रजी वाक्य त्याच्यापुढें उभें राहतें. त्याचा मराठींत अर्थ इतकाच, कीं आपल्या ब्राउझरमध्यें जावास्क्रिप्ट बंद आहे, ती चालू करा म्हणजे पुढें जातां येईल. अशा वेळीं बहुतेक माणसें शेजारच्या मुलाला हांक मारतात, मुलगा दोन-चार ठिकाणीं बोट फिरवितो, पान उघडतें, आणि बंद काय होतें व उघडलें काय, याची चौकशी कोणी करीत नाहीं.

ती चौकशी करावी हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय वरवर पाहतां यंत्रकारागिरांचा वाटेल, आणि सुशिक्षित कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत त्याला जागा कशासाठीं, असेंही कोणी विचारील. परंतु या एवढ्याशा कडीला तीस वर्षांचा इतिहास आहे. आणि ती वाचकाच्या हातांतून हळूहळू निसटून पान करणाराच्या हातीं कशी गेली, हें त्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. सत्ता एका हातांतून दुसऱ्या हातीं जातांना पाहण्याची संवय इतिहासाच्या अभ्यासकास असते; मात्र ती इतक्या निमूटपणें गेल्याचीं उदाहरणें त्यालाही थोडींच सांपडतील.

प्रथम वस्तु कोणती तें पाहूं. इंग्रज शास्त्रज्ञ टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ ते १९९१ या काळांत स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेंत जें जाळें विणलें, त्यांतलें पान हें छापील पानाचेंच भावंड होतें. त्यावर मजकूर असे, मथळे असत, आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे असत. असें पान आपल्या पडद्यावर मांडून दाखविणारें जें साधन, तोच ब्राउझर. वाचकानें पान वाचावें, दुवा दाबावा आणि पुढें जावें. पान स्वतः कांहीं करीत नसे. अर्ज भरण्याची सोय पुढें लवकरच आली. परंतु भरलेला अर्ज तारेवरून दूरच्या संगणकाकडे जाई, तेथें तपासला जाई, आणि चूक निघाल्यास सबंध पान फिरून परत येई. टेलिफोनच्या मंद तारेवर ही एक फेरी कित्येक सेकंदांची, प्रसंगीं मिनिटाचीही असे. पिनकोडाचा एक अंक लिहावयाचा राहिला, एवढें कळण्यासाठीं इतका वेळ तिष्ठत बसावें लागे.

या अडचणींतून जावास्क्रिप्टचा जन्म झाला. अमेरिकेंतील नेटस्केप कंपनींत १९९५ च्या एप्रिलांत ब्रेंडन आइक हे रुजू झाले, आणि मे महिन्यांत अवघ्या दहा दिवसांत त्यांनीं एका लहान भाषेचा पहिला नमुना उभा केला. तिला प्रथम मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट अशीं नांवें होतीं. ४ डिसेंबर १९९५ रोजीं नेटस्केप व सन मायक्रोसिस्टिम्स या दोन कंपन्यांनीं मिळून ती जावास्क्रिप्ट या नांवानें जाहीर केली. त्या दिवसांत सनच्या जावा नामक भाषेचा फार बोलबाला होता, आणि त्या नांवाचा लाभ या नव्या भाषेस मिळावा हा उद्देश होता. वस्तुतः दोघींचें नातें नांवापुरतेंच आहे. १९९६ च्या मार्चांत निघालेल्या नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर ती लोकांच्या हातीं पडली. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत मायक्रोसॉफ्टनें इंटरनेट एक्स्प्लोररच्या तिसऱ्या आवृत्तींत तिच्याच धर्तीची जेस्क्रिप्ट घातली. आणि १९९७ च्या जूनांत एक्मा या प्रमाणसंस्थेनें तिचे नियम ठरवून प्रसिद्ध केले.

नाटकमंडळींत स्क्रिप्ट म्हणजे संहिता. कोणत्या पात्रानें केव्हां यावें, काय बोलावें, पडदा केव्हां पडावा, हें तींत लिहिलेलें असतें. पानाबरोबर येणारी स्क्रिप्ट ही अशीच आज्ञांची संहिता होय: वाचकानें हें बटण दाबलें तर ही यादी उघड, हा रकाना रिकामा राहिला तर त्याला आठवण दे. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, कीं नाटक मंडळीच्या रंगभूमीवर होतें. ही संहिता मात्र वाचकाच्या घरांत, त्याच्या यंत्रावर आणि त्याच्या विजेवर वठविली जाते. पूर्वींचें पान पत्रासारखें होतें; वाचून बाजूस ठेवावें. नवें पान पाहुण्यासारखें झालें. तें घरांत वावरूं लागलें. हें मूळ रचनाकारांस कळत नव्हतें असें नाहीं. म्हणून त्यांनीं ओसरीचा नियम घातला: पानाच्या स्क्रिप्टला वाचकाच्या संगणकांतील कागदपत्रें आपण होऊन उघडतां येऊं नयेत. एका संकेतस्थळाच्या स्क्रिप्टनें दुसऱ्या स्थळाच्या पानांत डोकावूं नये, हा नियमही नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीपासूनचाच आहे. आणि या दोहोंच्या जोडीला लवकरच तिसरी तजवीज आली, ती म्हणजे कडी. वाचकाच्या मनांत नसेल तर स्क्रिप्ट मुळींच चालणार नाहीं अशी सोय.

ही कडी आरंभीं डोळ्यांसमोर होती. नेटस्केपच्या पुढच्या आवृत्त्यांत पसंतीच्या पानावर 'जावास्क्रिप्ट चालू ठेवा' असा एक चौकोन असे. त्यांतली खूण पुसली कीं स्क्रिप्ट थांबे. इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीनें १९९७ सालीं संकेतस्थळांची चार वर्गांत वांटणी केली: बाहेरचें जग, संस्थेचें अंतर्गत जाळें, विश्वासाचीं स्थळें आणि निर्बंध घातलेलीं स्थळें. प्रत्येक वर्गाच्या तपशिलांत 'अ‍ॅक्टिव्ह स्क्रिप्टिंग' या शब्दांखालीं तीन पर्याय असत: चालूं द्या, चालूं देऊं नका, अथवा दर वेळीं मला विचारा. यांतला तिसरा पर्याय घरंदाज रीतीला धरून होता. परंतु पानापानावर प्रश्न येऊं लागले म्हणजे त्याचा वीट येई. दर मिनिटाला दार उघडावयास उठावें लागलें तर माणसाचें दुसरें काम होत नाहीं, आणि शेवटीं तो दार सताड उघडें टाकतो. वाचकांचेंही तसेंच झालें.

आपल्या देशांत सर्वसामान्य ग्राहकांसाठीं इंटरनेट खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाच्या द्वारें, आणि आरंभीं मोठ्या शहरांपुरतें. बरोबर पांच वर्षें आधीं, १५ ऑगस्ट १९९० रोजीं, जळगांवास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालें होतें. तेंच आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नांवानें ओळखलें जातें. तोंवर खानदेशांतील महाविद्यालयें पुणें विद्यापीठाशीं जोडलेलीं असत, आणि एखाद्या कागदासाठीं विद्यार्थ्यास पुण्याची वाट धरावी लागे. विद्यापीठ घरापाशीं आलें म्हणून आम्ही समाधान मानीत होतों. पुढल्या पंधरा-वीस वर्षांत अर्ज आणि निकाल यांनीं पुन्हां घर सोडलें व तीं पडद्यावर जाऊन बसलीं. आमच्या पिढीची या पडद्याशीं ओळख झाली ती शहरांतल्या सायबर कॅफेंत. प्लायवुडचे आडोसे, टेलिफोनच्या जोडणीची ती किरकिर, आणि ब्राउझरच्या खालच्या कोपऱ्यांत वारंवार उमटणारा पिवळा त्रिकोण, हें त्या दिवसांचें चित्र. तो त्रिकोण म्हणजे स्क्रिप्टमध्यें कोठें तरी चूक झाल्याची खूण असे. दुकानदाराला विचारलें कीं तो म्हणे, "तें तसंच असतं, सर." बहुतेक लोकांचें जावास्क्रिप्टविषयींचें शिक्षण या एका वाक्यावर संपलें. या शतकाच्या आरंभीं महाराष्ट्रभर पसरलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमानें तालुक्याच्या गांवींही हजारों हात कळफलकावर बसविले हें मोठें काम झालें. तरीही पानाबरोबर घरांत काय येतें, हा प्रश्न सामान्य वाचकाच्या मनांत उभा राहिला नाहीं.

पाहुणा मात्र सर्व वेळीं सभ्य निघाला नाहीं. एक पान उघडावें तों जाहिरातींच्या चार खिडक्या आपोआप उघडाव्या, एक मिटली कीं दोन उभ्या राहाव्या, हा अनुभव त्या काळच्या प्रत्येकास आहे. याहून गंभीर प्रकार असा कीं, एखाद्या भल्या संकेतस्थळावर वाचकांस लिहिण्याची मुभा असे, तिचा फायदा घेऊन कोणी मजकुराच्या मिषानें स्क्रिप्टच लिहून ठेवी. मग तें पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रावर ती त्या भल्या स्थळाच्या नांवानें चाले. २ फेब्रुवारी २००० रोजीं अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांतील सर्ट या केंद्रानें या धोक्याविषयीं जाहीर इशारा दिला, आणि ज्यांना जास्तींत जास्त संरक्षण हवें असेल त्यांनीं ब्राउझरांतील स्क्रिप्ट बंद करावी असा उपाय सुचविला. इशारा पोकळ नव्हता. ऑक्टोबर २००५ मध्यें मायस्पेस या स्थळावर एका तरुणानें गंमत म्हणून सोडलेली अशीच एक स्क्रिप्ट वीस तासांच्या आंत दहा लाखांहून अधिक लोकांच्या पानांवर जाऊन बसली.

या इशाऱ्याचें अनुकरण आम्हींही केलें, आणि त्यांत आमच्या हातून जी चूक झाली ती सांगितल्यावांचून हा इतिहास प्रामाणिक होणार नाहीं. २००६-०७ च्या सुमारास आमच्या महाविद्यालयाच्या संगणककक्षाची देखरेख आमच्याकडे होती. यंत्रें जुनीं, त्यांवरील ब्राउझरही जुना, आणि अभद्र जाहिरातींच्या खिडक्यांनीं मुलांस व आम्हांस सारखेंच हैराण केलेलें. एका रविवारीं आम्हीं बसून सगळ्या यंत्रांवर 'अ‍ॅक्टिव्ह स्क्रिप्टिंग' बंद करून टाकलें. खिडक्या थांबल्या. सोमवारीं चार सहकाऱ्यांनीं कौतुक केलें, आणि आम्हीही तें गोड मानून घेतलें. कांहीं आठवड्यांनीं साक्री तालुक्यांतील एका खेड्यांतला विद्यार्थी एका प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरावयास कक्षांत बसला. मुदतीचा तो शेवटला दिवस. त्यानें राज्याचें नांव निवडलें. परंतु जिल्ह्यांची यादी उघडेना. ती यादी भरणें हें स्क्रिप्टचें काम, आणि स्क्रिप्ट तर आम्हीं बंद केलेली. पानावर सूचना नाहीं, इशारा नाहीं. रकाना नुसता रिकामा. बिचाऱ्यास वाटलें आपलेंच कांहीं चुकतें आहे. त्यानें दुपारभर तोच अर्ज पुनःपुन्हां भरला. सायंकाळीं कक्ष बंद झाला तेव्हां तो गांवांतल्या एका दुकानांत गेला. तेथें अर्ज पहिल्याच खेपेस गेला. तोंवर शेवटची गाडी सुटली होती, आणि ती रात्र त्यानें धुळ्याच्या एस. टी. स्थानकावर काढली. दुसरे दिवशीं तो आम्हांस भेटला आणि म्हणाला, "सर, बाहेर लगेच उघडलं. तुमच्या यंत्रांत कांहीतरी बंद असेल. माझंच लक्ष गेलं नाहीं." चूक आमची, आणि ती त्यानें आपल्या पदरीं घेतली. चोर सोडून संन्याशास सुळीं देणें म्हणतात तें हें. त्याच दिवशीं आम्हीं सर्व यंत्रांवरची कडी काढली; परंतु न विचारतां ती लावणें जितकें चुकीचें, तितकेंच न विचारतां ती काढणेंही चुकीचें, हें आम्हांस पुढें कळलें.

इकडे बाहेरच्या जगांत वारें फिरलें होतें. १९९९ सालीं इंटरनेट एक्स्प्लोररच्या पांचव्या आवृत्तींत अशी एक सोय आली, कीं सबंध पान न बदलतां स्क्रिप्टनें दूरच्या संगणकाकडून हवा तेवढाच मजकूर मागवून घ्यावा. तिचें सामर्थ्य लोकांच्या ध्यानांत आलें तें १ एप्रिल २००४ रोजीं गूगलची जीमेल आणि पुढल्या फेब्रुवारींत गूगलचे नकाशे निघाले तेव्हां. बोटानें ओढावा तसा नकाशा सरकूं लागला. जेसी जेम्स गॅरेट यांनीं त्याच महिन्यांत या पद्धतीस एजॅक्स हें नांव दिलें. आतां स्क्रिप्ट ही पानावरची वेलबुट्टी राहिली नाहीं. ती घराचा खांब झाली. खांब काढून घर उभें राहत नाहीं.

मराठी वाचकांस तर या स्क्रिप्टनें एक अपूर्व लाभ करून दिला, त्याची नोंद कृतज्ञतापूर्वक केली पाहिजे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला. त्या काळीं फार थोड्या संगणकांवर देवनागरी टंकन करण्याची सोय असे. रोमन अक्षरांच्या कळा दाबाव्या आणि पडद्यावर देवनागरी उमटावी, ही करामत अशा संकेतस्थळांच्या पानांवर जावास्क्रिप्टनेंच करून दाखविली. निराळें साधन विकत घ्यावयास नको, कीं संगणकांत कांहीं बसवावयास नको. पान उघडलें कीं मराठी लिहितां येई. इंग्रजींत ज्या शब्दाचा एक अर्थ लिपि असाच आहे, त्या स्क्रिप्टला मुभा दिली कीं आपली लिपि चाले. ती अडविली कीं तीही मुकी होई. सायबर कॅफेंतून, परगांवांतून, परदेशांतून ज्यांनीं पहिलीं मराठी वाक्यें पडद्यावर लिहिलीं, त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं तीं या उघड्या कडीच्या बळावर लिहिलीं आहेत. सरसकट 'बंद करा' म्हणणारांनीं हें विसरूं नये.

परंतु सोय वाढत गेली तशी सक्तीही वाढली. अपंग वाचकांसही पानें वाचतां यावीं म्हणून जालाच्या जागतिक संघानें ५ मे १९९९ रोजीं जे पहिले नियम प्रसिद्ध केले, त्यांत अग्रक्रमाचा एक नियम असा होता कीं, स्क्रिप्ट बंद असली किंवा ब्राउझरला ती कळत नसली तरीही पान वापरतां आलें पाहिजे. ११ डिसेंबर २००८ च्या दुसऱ्या आवृत्तींत हा नियम त्या स्वरूपांत उरला नाहीं. त्याला कारणेंही होतीं. अंधांस पान वाचून दाखविणारीं साधनें तोंवर स्क्रिप्टशीं जुळवून घेऊं लागलीं होतीं. तथापि कडी लावलेल्या घरांतही टपाल पोंचलें पाहिजे ही जी जुनी अपेक्षा, ती त्या दिवसापासून कागदावरूनही गेली.

पुढचें पाऊल ऑगस्ट २०१३ चें. स्वतंत्र बाण्याच्या लोकांचा म्हणून ख्याति पावलेल्या फायरफॉक्स या ब्राउझरच्या तेविसाव्या आवृत्तींतून 'जावास्क्रिप्ट चालू ठेवा' हा चौकोनच काढून टाकण्यांत आला. ज्यांनीं पूर्वीं तेथली खूण पुसून ठेविली होती, त्यांची निवडही त्याबरोबर रद्द होऊन मूळपदावर, म्हणजे चालू स्थितींत, आली. त्यांतील युक्तिवाद आमच्या संगणककक्षाच्या गोष्टीसारखाच होता: नकळत खूण पुसली जाते, सारीं पानें मोडतात, आणि दोष ब्राउझरवर येतो. युक्तिवाद खोटा नाहीं. तरी घरमालक बाहेर गेला असतां सुतारानें येऊन कडी उपटून न्यावी, आणि हें तुमच्याच सोयीसाठीं केलें असें सांगावें, तशांतला हा प्रकार झाला. ती तजवीज आजही त्या ब्राउझरच्या पोटांत आहे; पण जाणत्यासच सांपडेल अशा कोनाड्यांत.

याच सुमारास पानांची घडणही बदलली. आज पुष्कळ स्थळांवर पान म्हणून जें येतें तें जवळ जवळ कोरें असतें. मागाहून स्क्रिप्ट येते आणि वाचकाच्या यंत्रावर सारा मजकूर रचते. मग स्क्रिप्ट बंद असो, अर्ध्या वाटेंत अडकलेली असो, कीं जुन्या मोबाइलला न पेलणारी असो, वाचकापुढें कोरा कागद उरतो. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल खात्यानें २०१३ सालीं आपल्या वाचकांची मोजदाद केली, तींत शेंकडा १.१ लोकांपर्यंत स्क्रिप्टचे लाभ पोंचत नव्हते असें आढळलें. आणि त्यांत मुद्दाम बंद करणारे किंवा तशी सोयच नसलेले शेंकडा ०.२ च होते. उरलेल्या ०.९ जणांनीं कडी लावलीच नव्हती; कांहीं ना कांहीं कारणानें स्क्रिप्ट त्यांच्याकडे चाललीच नाहीं. 'आपली जावास्क्रिप्ट बंद आहे' असा ठपका ज्यांवर येतो त्यांतले बहुतेक निर्दोष असतात, हा या आंकड्यांचा बोध आहे.

शिवाय एका पाहुण्याबरोबर दहा सोबती येऊं लागले. वर्तमानपत्राचें एक पान उघडावें तों जाहिरातवाले, मोजणीवाले, मागोवा घेणारे अशा कितीतरी परक्या स्थळांच्या स्क्रिप्टा त्याच्या पाठोपाठ आंत शिरतात. त्यांचा भरंवसा कोणीं द्यावा? फेब्रुवारी २०१८ मध्यें ब्रिटनमधील माहिती-आयुक्तांच्या स्थळासह चार हजारांहून अधिक संकेतस्थळांवर, पान मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या एका उपयुक्त स्क्रिप्टमध्यें कोणी दुसऱ्याच आज्ञा मिसळल्या, आणि वाचकांचीं यंत्रें त्यांच्या नकळत परक्यासाठीं आभासी चलन खणीत बसलीं. अशा प्रसंगीं ओळखपाळख पाहून एकेकास आंत घेण्याची जुनी रीतच बरी वाटते. इटलींतील जॉर्जिओ माओने यांनीं २००५ सालीं केलेलें नोस्क्रिप्ट हें जोडसाधन नेमकी हीच रीत पाळतें. परंतु मोठ्यांचा कल दुसरीकडे आहे. २०२५ च्या जानेवारीपासून गूगलवर साधा शोध घेण्यासाठींही स्क्रिप्ट चालू असणें आवश्यक झालें.

आतां खानदेशाकडे वळूं. सातबाऱ्याचा उतारा पूर्वीं तलाठ्याच्या दप्तरांतून हातानें उतरवून मिळे. आज महाभूलेखाच्या स्थळावर नाशिक विभाग निवडावा, मग जळगांव किंवा धुळें जिल्हा, मग तालुका, मग गांव; एक यादी निवडली कीं दुसरी भरते. या साखळीनें तलाठ्याकडच्या खेपा वांचविल्या, आणि त्याचें श्रेय दिलेंच पाहिजे. २०१७ सालीं शेतकऱ्यांच्या कर्जमाफीचे अर्जही ऑनलाइन मागविण्यांत आले, आणि गांवोगांवच्या सेवाकेंद्रांपुढें कापसाच्या शेतांतून उठून आलेलीं माणसें रांगा लावून उभीं राहिलीं. त्या माणसाला जमिनीच्या चतुःसीमा पाठ असतात, बांधावरचें झाड कोणाचें तें ठाऊक असतें. पण त्याच्या हक्काचा कागद आणि तो यांच्यामध्यें जी एक स्क्रिप्ट उभी आहे, तिचें नांवही त्यानें ऐकलेलें नसतें. ती चालली नाहीं तर त्याला कळणाऱ्या भाषेंत कारण सांगणें हें पान करणाराचें कर्तव्य आहे. तें न करतां परभाषेंत 'चालू करा' म्हणणें ही विनंती नव्हे, अडवणूक होय.

दुसरी काळजी इतिहासाच्या अभ्यासकाची. वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें धुंडाळलीं, १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच देह ठेवला. त्यांच्या नांवाच्या तेथील संशोधन मंडळांत जपलेला एखादा कागद उलगडला, तर मोडी येणारास तो आजही वाचतां येतो. कागद आणि डोळा यांच्यामध्यें तिसरें कोणी नसतें. स्क्रिप्टनें रचलेल्या पानाचें तसें नाहीं. तें पक्वान्न नसून पाककृति आहे, आणि सामग्री दुसऱ्याच्या कोठारांत आहे. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जालावरील पानांच्या प्रती जपून ठेवीत आहे. त्यांतल्या कित्येक पानांची चौकट तेवढी राहिली आहे, आणि जो मजकूर स्क्रिप्ट मागाहून आणीत असे तो नाहींसा झाला आहे. उद्यां कोणा राजवाड्यानें आपल्या काळचीं दप्तरें उघडलीं, तर त्याच्या हातीं कोऱ्या चौकटी लागूं नयेत, ही चिंता अनाठायीं नाहीं.

असो. व्यवहारांत आमचा सल्ला साधा आहे. कडी सापडावी कशी तें घरांतल्या प्रत्येकास ठाऊक असावें. क्रोममध्यें सेटिंग्जमधील खासगीपणा व सुरक्षा या विभागांत स्थळांच्या सेटिंग्जखालीं जावास्क्रिप्ट असें सदर आहे. तेथें सर्वांना मुभा, किंवा नेमक्या स्थळांना मुभा अथवा मनाई, असें ठरवितां येतें. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्यें प्रगत या भागांत तीच सोय आहे. फायरफॉक्समध्यें पत्त्याच्या जागीं about:config याऐवजीं बोलायचें तर 'अबाउट कॉन्फिग' या नांवाचें आंतलें पान उघडावें लागतें. नित्याच्या कामाच्या स्थळांना मोकळेपणानें मुभा द्यावी. जेथें एखादें अनोळखी पान 'चालू करा' म्हणतें, तेथें सगळ्या जगाला दार न उघडतां त्या एकट्यास उघडावें. आणि ब्राउझर वेळोवेळीं अद्ययावत करावा, कारण ओसरीची भिंत त्यानेंच पक्की राहते. पान करणारांकडे, विशेषतः सार्वजनिक कार्यालयांकडे, मागणें इतकेंच, कीं तारीख, मुदत, नियम, नोंद हा जो हक्काचा मजकूर, तो स्क्रिप्टवांचूनही वाचतां यावा. आणि स्क्रिप्ट खरोखरीच हवी असेल तेथें ती कशासाठीं हवी तें मराठींत, दोन ओळींत सांगावें.

साक्रीच्या त्या विद्यार्थ्यास पुढें त्या परीक्षेंत प्रवेश मिळाला. आज तो स्वतः अशीं पानें रचण्याचें काम करतो. मध्यंतरीं भेटला तेव्हां आम्हीं त्याला त्या रात्रीची आठवण दिली आणि विचारलें, "तुझ्या पानावर स्क्रिप्ट बंद असली तर काय दिसतं रे?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पाहिलं नाहीं कधीं, सर. आज घरीं गेल्यावर बंद करून पाहतों."